लाइनवरचा ड्रायव्हर आणि गावात उभा असलेला नाकवाला ट्रक

लाइनवरचा ड्रायव्हर एकदा निघाला की वीस-बावीस दिवस घरी नसतो. नागपूरहून चेन्नईचा लोड मिळाला, तिथं परतीच्या भाड्यासाठी दोन दिवस थांबावं लागलं, मिळालं ते कोलकात्याचं. असं करता करता तीन आठवडे निघून जातात आणि घरासाठी उरतात दोन-तीन दिवस. अशा माणसानं गावात गोठ्याशेजारी एखादी जुनी नाकवाली, म्हणजे पुढं लांब बोनेट असलेली, टाटा-मर्सिडीज किंवा लेलँड कॉमेट जीव लावून ठेवली असेल, तर तिला किलोमीटरचा त्रास नसतो. ती चालून जेवढी झिजत नाही तेवढी उभी राहून खराब होते. म्हणून इथं जे लिहितो आहे ते उभ्या गाडीचं, आणि विदर्भातल्या उन्हा-पावसात उभ्या असलेल्या गाडीचं.

आधी आपली गाडी नेमकी कोणती हे पक्कं करावं, कारण सामान त्यावरच मिळतं. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मनीची डाइमलर-बेन्झ यांचा करार १९५४ चा, मुदत पंधरा वर्षांची. म्हणजे जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असलेली गाडी १९६९ पर्यंतची. त्यानंतर त्या जागी ‘टी’ आला. पण इतक्या वर्षांत जाळ्या बदलल्या जातात, बोनेट दुसऱ्याच गाडीचं बसतं. ताऱ्यावर भरवसा न ठेवता चेसिसवर ठोकलेला नंबर आरसी बुकाशी जुळवून बघावा. मग इंजिन. टाटाचं असेल तर स्पेअरपार्टवाला पहिला प्रश्न विचारतो, ‘६९२ की ६९७?’ यातला पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिमी बोअर, १२० मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), ४,७८८ सीसी. ६९७ म्हणजे ९७ मिमी बोअर, १२८ मिमी स्ट्रोक, ५,६७५ सीसी. जुन्या गाडीत नंतरचं ६९७ टाकलेलं पुष्कळदा सापडतं. गाडीच्या सालावरून पिस्टन किंवा हेड गॅस्केट मागवलं तर पैसे पाण्यात जातात.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते रेडिएटरमधलं पाणी. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी माणसाला नीट पिता येत नाही, पण रेडिएटरमध्ये मात्र तेच बादलीनं ओततात. पाणी तापलं की क्षार लायनरच्या (सिलिंडरच्या नळीच्या) बाहेरून आणि हेडच्या पोकळीत थरानं बसतात. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तापमानाच्या घड्याळाचा काटा मधोमध दिसतो आणि आत चार-पाच नंबरचा सिलिंडर भाजत असतो. शेवटी हेड गॅस्केट जातं, दोष मात्र गॅस्केटच्या कंपनीला मिळतो. पाण्यातले क्षार मोजणारं, हातात मावणारं टीडीएस मीटर घ्यावं आणि ज्या पाण्याचा आकडा १०० च्या आत येतो तेच टाकावं. गावातल्या आरओच्या जारचं पाणी साधारण चालतं. पण नुसतं आरओचं पाणीही टाकू नये, ते लोखंड खातं. कूलंट मिसळून टाकावं, प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. बर्फाची भीती आपल्याकडे नाही, गंज आणि उकळी यांची आहे.

आधीच थर बसला असेल तर थर्मोस्टॅट काढावा, खालचा होज सोडावा आणि रेडिएटरमध्ये खालून वर, इंजिनात वरून खाली पाण्याची धार सोडून घाण बाहेर काढावी, म्हणजे पाणी नेहमी वाहतं त्याच्या उलट. बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत हे करत राहावं. मग थर्मोस्टॅट परत बसवावा. ‘उन्हाळ्यात गाडी गरम होते’ म्हणून तो कायमचा काढून टाकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसला की डिसेंबर-जानेवारीत इंजिन तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं, लायनरवरचं ऑइल धुतलं जातं आणि बोअर झिजतो. गरम होण्याचं कारण दुसरीकडे शोधावं: सैल फॅन बेल्ट, जाळीत अडकलेला कापूस आणि कुटार, दबणारा खालचा होज, रबर गेलेली रेडिएटर कॅप. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर मात्र गॅस्केटच बघावं. आणि मे महिन्यात उकळलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम कधीच ओतू नये, हेडला तडा जातो.

आता डिझेल. पावसाळ्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते, आतल्या हवेतली ओल पाणी होऊन तळाशी बसते, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर शेवाळासारखी चिकट घाण तयार होते. तीच फिल्टर बंद करते आणि मायको कंपनीच्या इंजेक्शन पंपाचे (नोजलला दाबानं डिझेल देणाऱ्या पंपाचे) एलिमेंट खाते. घरी आल्यावर टाकीच्या तळाचा नट सैल करून अर्धा लिटर डिझेल काचेच्या बाटलीत काढावं आणि दहा मिनिटं ठेवावं. पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं.

आणखी एक गोष्ट जुन्या गाडीवाल्यांच्या लक्षात येत नाही. १ एप्रिल २०२० पासून मिळणारं बीएस-६ डिझेल गंधकाच्या बाबतीत पूर्वीपेक्षा फार साफ आहे, १० पीपीएमपर्यंतच. या डिझेलवर जुने रबरी ओ-रिंग आणि वॉशर आकसतात आणि सांध्यांतून डिझेल पाझरू लागतं. डिझेल बाहेर येतं म्हणजे गाडी बंद असताना हवा आत जाते, आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. फीड पंपाचे (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचे) आणि फिल्टरचे सगळे वॉशर, रबर एकदाच नवे टाकावेत. एक-एक बदलत बसलं तर गळती पुढच्या सांध्याला जाते.

डिझेलच्या लाइनीत हवा धरली असेल तर ती क्रमानं काढायची. फिल्टरवरचा हवा सोडायचा ब्लीड स्क्रू दीड-दोन आटे सैल करायचा, फीड पंपाचा हँड प्रायमर (हातानं दाबायचा दट्ट्या) मारत राहायचं. आधी फेस येतो, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. तरीही इंजिन घेत नसेल तर नोजलकडच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं आणि डिझेल उसळलं की एकेक नट आवळत जायचं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावं. उसळणाऱ्या डिझेलसमोर हात किंवा डोळे आणू नयेत.

दोन-तीन महिने उभी असलेली गाडी चालू करण्याआधी एक तपासणी कधीही टाळू नये. इंजेक्शन पंपाच्या आत डिझेल किती जावं हे ठरवणारी दांडी, म्हणजे रॅक, उभ्या गाडीत चिकटते. ती ‘बंद’च्या बाजूला चिकटली तर गाडी चालू होत नाही एवढंच. पूर्ण डिझेलच्या बाजूला चिकटली तर चालू झाल्याबरोबर इंजिन पळतं, चावी काय आणि स्टॉपचा खटका काय, कशालाच ऐकत नाही, आणि मिनिटभरात कनेक्टिंग रॉड बाहेर येऊ शकतो. म्हणून बोनेट उघडून पंपाची स्टॉप लिव्हर हातानं हलवावी. ती स्प्रिंगनं मोकळी परत आली पाहिजे. अडखळत असेल तर सेल्फला हातच लावू नये, पंपवाल्याला बोलवावं. मोकळी असली तरी पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचं तोंड उघडं करून जवळ एक सपाट जाड फळी घेऊन माणूस उभा करावा. इंजिन पळालंच तर त्यानं फळीनं तोंड झाकायचं, तळहातानं नाही. मग स्टॉप ओढून धरून सेल्फचे तीन-चार झटके द्यावेत, ऑइल प्रेशरचा काटा हलला की स्टॉप सोडून चालू करावं.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट लावायचं, काम सोपं आहे, घाईनं बिघडतं. टाटाच्या थंड इंजिनात इनलेट ०.२० मिमी आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांना भेटत असतील (एक बंद होत असतो, दुसरा उघडत असतो) तेव्हा एक नंबर लावायचा, दोनचे भेटत असतील तेव्हा पाच, चारचे तेव्हा तीन, पुढे उलटं, म्हणजे एकचे भेटत असतील तेव्हा सहा.

चाकाबद्दल जरा सविस्तर सांगणं गरजेचं आहे, कारण इथं जीव जातात. जुन्या नऊशे-वीसच्या (९.००-२० मापाच्या टायरच्या) डिस्कला टायर जागेवर धरणारी वेगळी लॉक रिंग असते. नवीन ट्यूबलेस गाड्यांवर शिकलेल्या पोरांनी ती खोललेली नसते. चाक गाडीवरून उतरवण्याआधीच व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, जोडीच्या चाकात दोन्हींची. हवा भरण्याआधी रिंग खाचेत सगळीकडून बसली आहे का हे बोट फिरवून बघायचं, चाकाला साखळीचे वेढे द्यायचे, रिंगची बाजू भिंतीकडे करायची आणि लांब पाइपानं बाजूला उभं राहून भरायची. गंजून पातळ झालेली किंवा वाकलेली रिंग हातोड्यानं ठोकून बसवू नये, फेकून द्यावी. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. नट हलत नाही म्हणून पान्यावर पाइप चढवण्याआधी हे बघावं.

टायरवर नक्षी चांगली दिसते म्हणून तो चांगला असं नाही. भिंतीवर चार आकडी छाप असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. भिंतीला बारीक भेगा पडलेला दहा वर्षांचा टायर मे महिन्यातल्या डांबरावर फुटतो. पावसाळाभर गाडी उभी ठेवायची तर दोन्ही अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन टायरवरचा भार काढावा. हवा पहाटे, थंड टायरमध्ये तपासावी. दुपारी वाढलेली दिसते म्हणून कमी करू नये.

हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओलीत ब्रेक शू ड्रमला चिकटतात. चाकांना दगड लावावेत. क्लच प्लेटचंही तेच होतं, म्हणून पेडल दाबून त्याच्यात आणि सीटच्या पत्र्यात लाकडी ठोकळा अडकवून ठेवावा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, दोन वर्षांनी पूर्ण बदलावं; नाहीतर व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि रबर कापलं जातं. हवेच्या टाकीचा खालचा कॉक प्रत्येक वेळी उघडून पाणी काढावं. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी.

त्या काळात कारखान्यातून चेसिस आणि पुढचं तोंड एवढंच यायचं. केबिन आणि बॉडी गावातला सुतार-लोहार बांधायचा. म्हणून आपल्या भागातल्या गाड्यांत सागवान सापडतं, आणि ते वाचवणं मला इंजिनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. पट्ट्यांवर ऑइल पेंट चोपडला की ओल आत कोंडते आणि बोल्टच्या भोकापासून लाकूड कुजतं. त्याऐवजी एप्रिलमध्ये लाकूड पूर्ण सुकलेलं असताना पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल द्यावं. पेंटच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते, तेलघाणीवरचं खायचं तेल नको. ते लवकर सुकत नाही. पातळ तीन हात, प्रत्येकात दोन दिवसांचं अंतर. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना स्वतः तापतं आणि बोळा पेट घेऊ शकतो. फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवावीत. उधई जमिनीतून येते, तेव्हा गाडीखाली गवत, तुराटी, पऱ्हाटीचा ढीग ठेवू नये. उंदीर वायरी कुरतडतात त्यालाही हाच उपाय.

घरच्या लोकांना एक गोष्ट सांगून जावी: ‘दर रविवारी पाच मिनिटं चालू करत जा’ असं नको. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, आतली वाफ ऑइलमध्ये पाणी होऊन राहते. चालू केली तर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवावी, नाहीतर उभीच राहू द्यावी. बॅटरीची अर्थिंगची वायर मात्र काढून ठेवावी. परत आल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.४ पेक्षा कमी दिसलं तर आधी चार्ज करावी. इंजिन ऑइल गाडी उभी करण्याआधी बदलावं, दसऱ्याला काढताना नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं.

लाइनवरून आल्या संध्याकाळी गाडीखाली शिरू नये. तीन आठवड्यांच्या झोपेची थकबाकी असलेला माणूस जॅकवर उचललेल्या गाडीला आधार द्यायला विसरतो. रात्रभर झोपावं, सकाळी उन्हाच्या आधी काम धरावं. ग्रीस त्याच वेळी मारावं. पुढचा अ‍ॅक्सल उचलून किंग पिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) मारलं तरच ते भार पडणाऱ्या बाजूला पोचतं. चाकं जमिनीवर असताना मारलेलं ग्रीस सोप्या वाटेनं बाहेर येतं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या यू-बोल्टचे नट आवळून बघावेत. ते सैल राहिले की सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल सरकतो.

कागदांचं थोडक्यात: आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी लागतो. गाडी वापरात ठेवायची नसेल तर तसं आरटीओला आधीच लेखी कळवावं, मागाहून सांगून कर सुटत नाही.

दसऱ्याला हार घालून गाडी बाहेर काढली की पहिली फेरी रिकामीच करावी आणि सपाट रस्त्यावर. राजूर घाट किंवा तळेगावचा घाट पहिल्या दिवशी नको. दहा किलोमीटरवर थांबून चारही बाजूंच्या हबला हाताची मागची बाजू आधी जवळ नेऊन, मग टेकवून बघावं. सगळे सारखे कोमट असले तर ठीक. एकच ड्रम तापलेला आणि त्याच्या हबची टोपी थंड, तर शू चिकटतो आहे. तिथंच अ‍ॅडजस्टर ढिला करावा. टोपी तापलेली असेल तर बेअरिंग जास्त आवळलं आहे किंवा ग्रीस संपलं आहे. पुढं न जाता चाक उचलून फिरवून बघावं, खरखर ऐकू आली तर बेअरिंग बदलल्याशिवाय गाडी हलवू नये.