कोकणात हरलेल्या पक्षाने सुरुवात वाडीपासून करावी

२०२४ च्या विधानसभेला रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने घेतल्या. विरोधकांकडे एकटं गुहागर उरलं, तेही उद्धव ठाकरेंच्या सेनेकडे. काँग्रेसची अवस्था त्याहून बिकट आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून हाताच्या चिन्हावर शेवटचा खासदार गेला तो २००९ साली. २०१७ मध्ये नारायण राणे काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर संघटनाही गेली, कारण ती नेत्याची होती, पक्षाची नव्हतीच. म्हणून नवा तगडा नेता आयात करा, हा सल्ला मला पटत नाही. तो गेला की पुन्हा पाटी कोरी.

कोकणी माणूस एकाच पक्षाला बांधलेला आहे, हेही खरं नाही. कोकणातल्या जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७ पासून तीनदा नाथ पै आणि १९७१ पासून पाचदा मधु दंडवते हे समाजवादी निवडून दिले. काँग्रेसच्या भरभराटीच्या काळात!

सुरुवात पंधरा मतदारसंघांत करायचीच नाही. प्रत्येक तालुक्यात जिल्हा परिषदेचा एक गट निवडावा. त्यासाठी मागच्या दोन निवडणुकांचे फॉर्म २० काढावेत. त्यात मतदान केंद्रनिहाय मतं मिळतात. विधानसभेला आपला उमेदवार नसेल तर मित्रपक्षाची मतं धरावीत. ज्या केंद्रावर लोकसभेला मतं मिळाली आणि विधानसभेला घसरली, तिथे आधी जावं. जिथे कधीच मिळाली नाहीत, तिथे पहिलं वर्ष घालवू नये.

कोकणात गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे, दोन-तीन डोंगरांवर विखुरलेल्या वाड्या. मत ठरतं वाडीत. बाहेरून आलेले कार्यकर्ते नेमके इथे चुकतात: देवळात गावकीची बैठक होते, मानकरी नारळ ठेवून शब्द देतात आणि उमेदवाराला वाटतं, गाव आपलं झालं. त्या बैठकीत बौद्धवाडी नसते, मोहल्ला नसतो, बायका तर बहुधा नसतातच. तिथे वेगळं जावं लागतं, आणि मानकऱ्यांच्या मध्यस्थीशिवाय जावं लागतं. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे तिथे पॅनल कुणाचंही असो, आपली माणसं त्यात असावीत. चिन्ह जिल्हा परिषदेला काढावं.

मग वाडीत कोणतं काम घेऊन जायचं? माझं उत्तर एकच: सातबारा. आजोबांच्या नावावर जमीन, खाली पंधरा-वीस वारस, निम्मे मुंबईला, दोघे-तिघे वारलेले आणि त्यांची नोंदच नाही. अशा सामाईक उताऱ्यावर आंबा-काजूचा फळपीक विमा काढायचा तर सहखातेदारांचं संमतीपत्र लागतं. मुदत नोव्हेंबरअखेर संपते आणि बागायतदार कागदांसाठी धावत असतो. वारसांची नावं लावायची तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, हरकतीची १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर करतो. नोटीस कुणाला लागली नाही, नावात एक काना चुकला, की प्रकरण महिनोन् महिने पडून राहतं. ज्या कार्यकर्त्याने वाडीतल्या दहा घरांचे फेरफार शेवटपर्यंत नेले, त्याला मत मागताना भाषण करावं लागत नाही. तालुक्याला असे दोनच जण असले तरी चालतील, पण ते आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तहसील कचेरीच्या बाहेर सापडले पाहिजेत.

दुसरं काम मतदार यादीचं. नवं नाव फॉर्म ६, वगळणं फॉर्म ७, पत्ता बदल वा दुरुस्ती फॉर्म ८. अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चार वेळा मोजतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं माहेरी राहतात. कोकणात बरीच मतं इथेच हुकतात. चाकरमान्यांबाबत मात्र सावध राहावं. मुंबई आणि गाव दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा आहे, तसा सल्ला कार्यकर्त्याने देऊ नये. त्यांचं मत मुंबईत असलं तरी त्यांच्या ग्रामस्थ मंडळाचा शब्द गावात चालतो. गणपतीत आणि शिमग्याला ते घरी भेटतात, तेव्हा भेटावं, रिकाम्या हाताने.

भूमिका एकच असावी. २०२२ च्या जानेवारीत तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी रिफायनरीसाठी राजापूर तालुक्यातल्या बारसूची जागा केंद्राला सुचवली आणि पुढच्याच वर्षी माती परीक्षणाच्या वेळी त्यांचा पक्ष आंदोलकांच्या बाजूला उभा राहिला. राजापूर हे विसरलं नाही. मासेमारीतही तेच. पर्ससीनवाले (मोठ्या यांत्रिक बोटींवरून अख्खा थवा घेरणारं जाळं टाकणारे) आणि पारंपरिक मच्छीमार दोघांनाही खूश करणारा नेता दोघांनाही नकोसा होतो. २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला ठरावीक महिने आणि ठरावीक क्षेत्र दिलं. त्याची अंमलबजावणी मागायची की नाही, हे बंदरावर जाण्याआधी पक्षात ठरलं पाहिजे.

पैशाचं थोडक्यात: विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख आहे आणि ती शेवटच्या पंधरवड्यात संपते. त्याआधीच्या तीन वर्षांचा खर्च म्हणजे कागदपत्रं, झेरॉक्स आणि पेट्रोल.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर आपला प्रतिनिधी हवा. २०१४ ला रायगड लोकसभेचा निकाल २,११० मतांनी लागला आणि हरलेल्या उमेदवाराच्या नावाचाच अपक्ष साडेनऊ हजारांवर मतं घेऊन गेला. प्रतिनिधी पहाटे अभिरूप मतदानाला (यंत्राच्या चाचणीला) हजर असावा, संध्याकाळी केंद्रावर झालेल्या मतांचा हिशेब असलेल्या नमुना १७-क ची प्रत घेऊनच उठावा, आणि शक्यतो त्याच वाडीतला असावा. बाहेरचा प्रतिनिधी दुपारी जेवायला जातो. वाडीतल्याला डबा तिथेच येतो, आणि कोण अजून आलं नाही हे तो नावानिशी सांगू शकतो.