दोन सत्तेचाळीस

सकाळी पावणेनऊला परळच्या त्या धर्मादाय दवाखान्यातून फोन आला. "ताई, सत्तेचाळीस नंबर दोघांना मिळालाय. दोघंही दारात उभे आहेत." टोकन देणारी सेवा मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली होती आणि ती सुरू होऊन चारच दिवस झाले होते. अंधेरीहून गाडी पकडली, प्रभादेवीला उतरले, पूल ओलांडून पोहोचले. केसपेपरच्या ताईंनी तोवर पेनाने '४७ अ' आणि '४७ ब' करून वाद मिटवला होता. '४७ ब' झालेले आजोबा पहाटे टिटवाळ्याहून निघाले होते. ते काही बोलले नाहीत, हातातली चिठ्ठी मात्र परत परत बघत होते.

सेवा साधीच होती. खिडकीवरच्या टॅबलेटवर नाव टाकायचं, की पुढचा क्रमांक हातात. पण टॅबलेट आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला आधीच्या रिक्वेस्टची, म्हणजे मागणीची, आठवण नसते, त्यामुळे शेवटचा क्रमांक आपणच कुठेतरी धरून ठेवावा लागतो. सेशनचा इथे उपयोग नव्हता. सेशन म्हणजे सर्व्हरने ठेवलेली तात्पुरती आठवण, पण ती एकेका ब्राउझरची असते आणि रांग तर सगळ्यांची. पहिल्या प्रयत्नात मी क्रमांक रिसोर्स क्लासच्या, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडच्या, फील्डमध्ये (मेमरीतल्या एका कप्प्यात) ठेवला, तर टोकन एकच्या पुढे जाईना. अशा सेवांसाठी जावात वापरतात ते जॅक्स-आरएस प्रत्येक रिक्वेस्टला त्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट, म्हणजे नवी प्रत, बनवतं, म्हणून क्रमांक दर वेळी शून्यावरून सुरू होत होता. त्या क्लासला सिंगलटन केलं, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टना मिळून एकच ऑब्जेक्ट ठेवला, आणि क्रमांक पुढे सरकू लागले. माझ्या लॅपटॉपवर सगळं बिनचूक चाललं.

लॅपटॉपवर बटण दाबणारी मी एकटी होते. दवाखान्यात खिडक्या दोन.

तिथल्याच बाकावर बसून कोड उघडला. शेवटचा क्रमांक वाचायचा, त्यात एक मिळवायचा, रुग्णाची नोंद डेटाबेसमध्ये करायची आणि मग नवा क्रमांक फील्डमध्ये लिहायचा, असा माझा क्रम होता. ऑब्जेक्ट एक असला तरी सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे बाकीच्यांबरोबर एकाच वेळी चालणाऱ्या वेगळ्या कामावर, चालवतो. टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरमध्ये तर मुळातच असे दोनशेपर्यंत थ्रेड धरलेले असतात. पहिल्या खिडकीची नोंद होत असताना दुसऱ्या खिडकीच्या थ्रेडने फील्ड वाचलं, त्यालाही सेहेचाळीसच दिसले आणि दोघांनी सत्तेचाळीस दिला. खात्रीसाठी लॅपटॉपवर पन्नास थ्रेडमधून हजार टोकनं मागवली. शेवटचा क्रमांक हजाराच्या बराच खाली राहिला. एवढी टोकनं दुहेरी गेली होती, हे बघून अंगावर काटा आला.

फील्डच्या जागी अ‍ॅटॉमिकइंटिजर घातला. हा जावातला तयार आकडा-प्रकार जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून आहे. वाचणं, वाढवणं आणि परत लिहिणं तो एका दमात करतो, मध्ये दुसरा थ्रेड शिरू शकत नाही. क्रमांक आधी घ्यायचा आणि नोंद नंतर, असंही केलं. नोंद फसली तर एखादा क्रमांक गळेल, पण रांगेत गळालेला क्रमांक चालतो, दुहेरी चालत नाही.

आता फक्त सर्व्हर रीस्टार्ट करायचा होता. आमच्या सरांना फोन केला तर ते म्हणाले, "आत्ता रांगेत किती जण आहेत? रीस्टार्ट केलंस की मोजणी कुठून सुरू होणार?" एकपासून! मेमरीतलं फील्ड सर्व्हरबरोबरच पुसलं जातं. बाहेर बासष्ट नंबरचा पुकारा चालू होता. मी कीबोर्डवरून हात काढला.

ताईंना सांगून संध्याकाळपर्यंत एकच खिडकी चालू ठेवली. रांग जिन्यापर्यंत गेली, एक बाई लेकराला कडेवर घेऊन तासभर उभी होती. ते मला बघवत नव्हतं. तेवढ्या वेळात, सर्व्हर सुरू होताना त्या दिवसाचा सर्वांत मोठा क्रमांक डेटाबेसमधून वाचायचा, असा बदल लिहिला. उद्या दुसरा सर्व्हर जोडला तर अ‍ॅटॉमिकइंटिजर पुरणार नाही, तो एकाच जेव्हीएमपुरता, म्हणजे जावा चालवणाऱ्या एकाच प्रोग्रामपुरता, असतो. म्हणून तारीख आणि क्रमांक यांच्या जोडीवर टेबलमध्ये युनिक बंधन, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम, घालायचं ठरवलं.

ओपीडी संपल्यावर बंधन घालायला गेले तर डेटाबेसने नकार दिला. टेबलमध्ये ते दोन सत्तेचाळीस तसेच होते. ताईंनी रजिस्टर काढलं. त्यांच्या परवानगीने आजोबांच्या नोंदीला त्या दिवसाचा पुढचा क्रमांक, ११९, दिला आणि रजिस्टरमध्ये तशी टीप लिहिली. बंधन बसलं. सर्व्हर रीस्टार्ट केला, ताईंनी एक टॅबलेट घेतला, मी दुसरा, आणि आम्ही एकदमच बटण दाबलं.

त्यांच्याकडे १२० आला, माझ्याकडे १२१.