सराट्याचं फूल

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या मुरमाड पांदणीवरून ज्याला रोज ये-जा करावी लागते, त्याला सराटा वेगळा दाखवावा लागत नाही. गोखरू म्हणतात तो हाच. त्याचा काटा प्रत्येकाच्या पायाला माहीत असतो. त्याचं फूल मात्र मी आठवीत जाईपर्यंत पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आसपास शाळेत जाताना सायकलचं मागचं चाक बसलं. बाबा वावरातून येतील म्हणून मी धुऱ्यावर थांबले. सकाळचे नऊ वाजले असतील. पायाशीच सराट्याचा वेल जमिनीला चिकटून पसरला होता, एका मुळापासून चहूकडं हात-हातभर. पानं चिंचेसारखी, त्यावर चंदेरी लव. समोरासमोरच्या जोडीतलं एक पान मोठं, दुसरं लहान. आणि पानाच्या बगलेत नखाएवढी पाच पाकळ्यांची फुलं, हळदीसारखी पिवळी. संध्याकाळी परत येताना मुद्दाम वाकून पाहिलं, तर एकही नाही. दुपारपर्यंतच पाकळ्या गळून गेलेल्या.

सायकलवाल्या काकांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, तर चार जागी बुडबुडे. काटे उपटून झाल्यावर म्हणाले, "पोरी, टायरमंदी आतून हात फिरवा लागते, नाहीतं उद्या पुन्हा येशीन." तसंच एक टोक आत मोडून राहिलेलं बोटाला लागलं.

फळ वाळलं की त्याच्या पाच फोडी होतात. प्रत्येकीला दोन लांब, दोन आखूड काटे. कशीही पडली तरी एक काटा वरच. माणसाच्या पायात, बकरीच्या खुरात, टायरमध्ये रुतून तो गावोगाव फिरतो. एका फोडीत दोन-चार बिया असतात, पण त्या सगळ्या एकदम उगवत नाहीत. काही वर्षानुवर्षं मातीत दम धरून राहतात. म्हणून तो एका निंदणात संपत नाही. काढायचाच तर फळ धरायच्या आधी, मुळासकट.

वैद्यांच्या दशमुळात याचं नाव आहे, आणि आम्ही त्याला नुसत्या शिव्या देतो. मला हे खटकतं. पेरलेल्या वावरातला सराटा मीही उपटते. पण पांदणीच्या कडेच्या उघड्या मुरमावर, जिथं दुसरं काही तग धरत नाही, तिथंही तणनाशक मारतात ते मला पाहवत नाही.

यंदा विहिरीजवळच्या मुरमावरचा एक वेल राखला. परवा सकाळी पोरीला तिथं नेलं, पायात चपला घालून. तिनं अकरा फुलं मोजली.