मामीचं दुकान आणि शिशु लोन
आमच्या मामीचं किराणा दुकान तसं छोटंच, आधी माल उधारीवर घ्यायची आणि व्यापारी लावेल तो भाव मुकाट्याने द्यायची. मग सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु लोन काढलं, त्यात ५० हजारांपर्यंत मिळतात आणि तारण लागत नाही, त्यातून फ्रीज आला, रोखीने माल भरायला लागली, आता दूध दही आईस्क्रीम सगळं ठेवते आणि पोरगा कॉलेजातून आला की गल्ल्यावर बसतो. लय भारी वाटतं बघून!

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी तर १९९७ साली स्वतःची माणदेशी महिला बँकच काढली, सह्यांच्या जागी अंगठे बघून रिझर्व्ह बँकेने आधी लायसन्स नाकारलेलं, मग त्या लिहायला शिकल्या.

हप्त्याचे पैसे मात्र मामी रोज रात्री वेगळ्या डब्यात काढते, त्याला कुणालाच हात लावू देत नाही.