फरशीवर तारकर्ली

आज सकाळी बॅग उपसली तर पोराच्या पँटच्या खिशातून मूठभर रेती निघाली. तारकर्लीची. (तिकडे वाळू म्हणतात, आपली रेतीच.)

नागपूरच्या फुटाळा तलावाला चौपाटी म्हणणारे आम्ही. मालवणहून सिंधुदुर्गाला जाताना आईनं होडीची कड सोडली नाही. १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला, चहूबाजूंनी खारं पाणी अन् आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. "एवढ्या समुद्रात गोड पाणी बाप्पा!" आई घरी आल्यापासून शेजारच्या काकूंना तेच सांगते आहे.

रॉक गार्डन घाईतच झालं. देवबागला मात्र, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं, उठवत नव्हतं. एका हाताला नदी गुपचूप, दुसऱ्या हाताला लाटा.

रेती झाडायला घेतली तर पोरगं रडकुंडीला. दिली मग लोणच्याची रिकामी बरणी.