तुम्ही विचारलंत म्हणून : किमोची सवय कुणाला होते?

कॅन्सरच्या पेशींवर काम करते म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी हळूच विचारतं, "पहिल्या किमोला गाठ गेली होती. परत आली, तर त्याच औषधाने काहीच फरक नाही. अंगाला सवय झाली का हो?"

अंगाला नाही. तसं असतं तर दुसऱ्या खेपेला केस गळले नसते, उलट्याही झाल्या नसत्या. बदलतात त्या कॅन्सरच्या पेशी. कुणी औषध आत येताच बाहेर फेकते, कुणी तुटलेला डीएनए सांधते, कुणी मरायचंच टाळते. आणि या बदलांमागे कित्येकदा मायक्रोआरएनए असतात. जेमतेम 22 अक्षरांचे हे आरएनएचे तुकडे स्वतः प्रथिन बनवत नाहीत. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचं प्रथिन बनू देत नाहीत. 1993 मध्ये ते एका सूक्ष्म कृमीत सापडले, नोबेल मिळालं 2024 मध्ये. विज्ञानाला घाई नसते, पेशंटला असते.

अंडाशयाच्या कॅन्सरचं घ्या. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम असलेलं किमोचं औषध घालायचं आणि मग एक पिवळं द्रावण. जिवंत पेशी ते जांभळं करतात. साध्या पेशींचे खळगे फिके पडतात. दाद न देणाऱ्यांचे गडद जांभळेच राहतात. अशा पेशींत मिर-214 (एक मायक्रोआरएनए) वाढलेलं असू शकतं. ते पीटेन नावाचं प्रथिन दाबतं. पीटेन हा पेशीच्या 'जग, वाढ' या इशाऱ्यावरचा ब्रेक. तो सुटला की औषध पोचूनही पेशी तगते. उलट मिर-200सी कमी झालं की पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं दुसरं औषध नीट चालत नाही, आणि प्लेटमध्ये ते परत घातलं की चालायला लागतं.

"मग तेच टोचा की!" प्रयत्न झाला. मिर-34ए चरबीच्या कणांत घालून पेशंटना दिलं. प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे ती चाचणी 2016 मध्ये थांबवावी लागली. एकेक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांत हात घालतो, त्यामुळे प्लेटमधलं यश माणसात तसंच्या तसं उतरत नाही. मायक्रोआरएनए तपासून किमो ठरवून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये त्यांना हेही विचारा : शेवटच्या प्लॅटिनम किमोनंतर किती महिन्यांनी आजार उलटला? सहा महिन्यांच्या आत असेल तर सहसा औषध बदलतात. त्याहून बराच उशिरा असेल, तर तेच प्लॅटिनम पुन्हा देतात आणि अनेकींना ते लागूही पडतं.