सोळा हिवाळे आणि न धावलेल्या गाड्या

मिशिगनमध्ये पहिल्या बर्फाबरोबर रस्त्यावर मीठ पडायला लागतं आणि ते मीठ गाडीचा खालचा पत्रा खातं. म्हणून इथे हौसेची गाडी बाळगणारा माणूस ऑक्टोबरातच तिच्यासाठी कोरडी जागा शोधतो. आमचा धंदा त्या जागेपासून सुरू झाला.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात आण्णांचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की मी तिथेच असायचो. 1998 साली डेट्रॉइटजवळ सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून आलो. 2009 मध्ये 30 एप्रिलला क्रायस्लरने आणि 1 जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. आमच्या ऑर्डरी आटल्या, ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. घराचे हप्ते चालू, मुलगी चौथीत. पॉन्टियाक गावाजवळ एक रिकामी शेड स्वस्तात भाड्याने मिळाली, अकरा गाड्या मावतील एवढी. मी फरशी घासली, बायकोने हिशेबाची वही उघडली. ती वही आजही तिच्याच हातात आहे.

वाटलं होतं, साठ-सत्तरच्या दशकातल्या जुन्या गाड्या येतील. त्या चारच आल्या. बाकीच्या सात जवळजवळ नव्या: फोर्डची 2003 ची मस्टँग कोब्रा, 2007 च्या दोन शेल्बी जीटी 500 (मस्टँगचीच जास्त ताकदीची आवृत्ती), 2008 ची डॉज चॅलेंजर, अशा. काहींच्या सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. आपल्याकडे ‘मायलेज’ म्हणजे गाडी लिटरला किती किलोमीटर देते ते. इथे मायलेज म्हणजे ती आजवर किती मैल धावली तो आकडा. आण्णांना फोनवर हे समजावताना मला बराच वेळ लागला. एका गाडीचा आकडा 212 होता.

मालकांचं म्हणणं एकच: जीएनएक्सचं काय झालं बघ. ब्यूइकने 1987 मध्ये ती काळी गाडी फक्त 547 बनवली. ज्यांनी ती न चालवता जपली, त्यांच्या गाड्यांना पुढे लाखावर डॉलर मिळाले. आपल्याही गाडीचं तसंच होईल असं प्रत्येकाला वाटे, आणि मलाही वाटे. मी भाडं घेत होतो, कव्हर घालत होतो, बॅटरीला चार्जर लावत होतो. त्यापलीकडे काही बोलत नव्हतो.

त्या दोनपैकी एका शेल्बीने माझं मत बदललं. मालक निवृत्त शिक्षक. गाडीची छापील किंमत 43 हजार डॉलरच्या आसपास होती, पण मागणी इतकी की विक्रेत्याने वर 19 हजार लावले. त्यांनी 62 हजार मोजले. गाडी पाच वर्षं आमच्याकडे उभी राहिली. भाडं, विमा, टायर धरून आणखी नऊ हजार गेले. 2014 मध्ये पत्नीच्या आजारपणात ती विकायची वेळ आली. तोवर 662 हॉर्सपॉवरची नवी जीटी 500 येऊन गेली होती आणि जुनीला कोणी विचारत नव्हतं. 33 हजार आले. आकडा होता 640 मैल. चावी देताना ते एवढंच म्हणाले, “मुलाला मागे बसवून एकदाही फिरवलं नाही.”

त्या पाच वर्षांचं भाडं मी घेतलं होतं. त्या रात्री बायकोला म्हटलं, यापुढे गाडी ठेवून घेण्याआधी समोरच्याला खरं काय ते सांगायचं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ती लगेच हो म्हणाली.

सांगण्यासारखं बरंच होतं, कारण उभी गाडी जशीच्या तशी राहत नाही. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. ब्रेक ऑइलही ओढतं, म्हणून गाडी एक मैल धावली नसली तरी दोन वर्षांनी ते बदलावंच लागतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2308 लिहिलेला टायर कितीही कोरा दिसो, तो 2008 च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि त्यावर पाचशे-सातशे हॉर्सपॉवर सोडणं जिवावरचं काम आहे. या गाड्यांचे उन्हाळी टायर कडाक्याच्या थंडीत हलवले तर तडकतात, म्हणून शेडला हीटर लागतो. 2011 मध्ये उंदरांनी एका गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात घरटं केलं आणि वायरिंग कुरतडलं. चूक आमची होती, दुरुस्ती आमच्या पैशाने केली. सगळ्यांत वाईट सवय म्हणजे दर रविवारी येऊन पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही आणि एक्झॉस्टमध्ये, तेलात पाणी साचतं. आण्णा म्हणायचे, “गाडी वापरली न्हाई तर ती कुजतीया.” ते ट्रॅक्टरबद्दल बोलायचे, पण ताकद वाढवणारा सुपरचार्जर लावलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची, व्ही-8 ची, गतही तीच.

2015 पासून करारात एक ओळ घातली: एप्रिल ते ऑक्टोबर दर महिन्याला किमान पंचवीस मैल गाडी धावलीच पाहिजे, मालकाला जमत नसेल तर आम्ही चालवू. निम्म्या मालकांनी गाड्या नेल्या. दोन वर्षं फार कठीण गेली. मग चालत्या गाड्यांची कामं येऊ लागली आणि दुरुस्तीनेच आम्हाला सावरलं. आज 34 जागा आहेत आणि तीन कामगार.

2023 मध्ये पुन्हा तीच लाट आली. डॉजने चॅलेंजर आणि चार्जरच्या ‘लास्ट कॉल’ म्हणून सात खास आवृत्त्या काढल्या आणि डिसेंबरात कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात त्यांचं उत्पादन संपलं. त्याच महिन्यात लान्सिंगला शेव्हरोलेची कॅमॅरोही थांबली. फोन थांबेनात. आमचे एक जुने स्नेही, डॉक्टरसाहेब, शेडवर आले. “लास्ट कॉल घेऊन ठेवली तर मुलीच्या लग्नापर्यंत किंमत दुप्पट होईल ना हो?”

मी त्यांना चहा दिला आणि 1976 सांगितलं. त्या वर्षी कॅडिलॅकची एल्डोराडो ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’, म्हणजे छत उघडणारी गाडी, म्हणून विकली गेली. लोकांनी गाड्या कोंडून ठेवल्या. 1984 मध्ये कॅडिलॅकनेच पुन्हा कन्व्हर्टिबल काढली आणि चिडलेले मालक कोर्टात गेले. 1978 ची इंडी पेस कार कॉर्व्हेट, म्हणजे इंडियानापोलिसच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्या गाडीची विक्रीची आवृत्ती, 6,502 बनली. लोकांनी दुप्पट पैसे मोजून घेतली आणि झाकून ठेवली. मूळ किंमत 13,653 डॉलर, म्हणजे आजचे साधारण 65 हजार. न चालवलेल्या गाडीलाही सहसा तेवढे येत नाहीत, कारण सगळ्यांनीच न चालवता ठेवली होती. डॉजची डुरँगो हेलकॅट, 700 च्या वर हॉर्सपॉवरची एसयूव्ही, तर 2021 पुरतीच म्हणून आली आणि 2023 मध्ये परत आली.

माझं मत विचाराल तर नुसत्या कमी मैलांना किंमत नाही. मुळात संख्या कमी हवी, हाताने गिअर टाकायचे हवेत, आणि खरेदीच्या वेळचा काचेवरचा कागद, सर्व्हिसच्या पावत्या जपलेल्या हव्यात. 2009 ची पॉन्टियाक जी8 जीएक्सपी 1,829 च बनली आणि नंतर पॉन्टियाक हा ब्रँडच बंद झाला, ती जपण्यासारखी. 2018 ची डॉज चॅलेंजर डीमन 3,300 बनली, तिने किंमत राखली, पण हेलकॅट नावाच्या चॅलेंजर-चार्जर हजारोंनी आहेत. आणि पैशाचा विचार सोडला तर माझं मन शेल्बी जीटी 350 वर आहे. 5.2 लिटरचं ते इंजिन 8,250 आरपीएमपर्यंत जातं. तो आवाज कव्हरखाली ठेवायचा म्हणजे मला अन्यायच वाटतो. डॉक्टरसाहेबांनी शेवटी तीच घेतली, तीही 28 हजार मैल धावलेली. मुलगी तिच्यावर क्लच शिकली.

शिक्षकांची शेल्बी आमच्याच एका गिऱ्हाईकाने घेतली होती, तिशीतल्या एका नर्सने. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ रस्त्यावर भरणाऱ्या हौसेच्या गाड्यांच्या मेळ्याला, वुडवर्ड ड्रीम क्रूझला, ती गाडी असते आणि हिवाळ्यात आमच्याकडे, त्याच कोपऱ्यात. मागच्या ऑक्टोबरात आली तेव्हा आकडा 41,318 होता आणि मागे लहान मुलाची सीट बांधलेली होती. ती सीट काढू नका म्हणाली, एप्रिलमध्ये लगेच लागेल.